क्रिसांतोसाठी लावलेला दिवा

एदेल्मीरा कोलिवोरो वाचायची ती हळू, आणि बोट ठेवून. चिलोए बेटांवरच्या लागुये गावात, शाळेच्या स्वयंपाकघरात तिने तीस वर्षं बटाटे सोलले. फळीच्या भिंतीपलीकडे मुलं धडे म्हणायची, ते ऐकत ऐकत तिला अक्षरं आली. त्यामुळे कागद कोणताही असो, तिचं बोट ओळीखालून सरकायचं आणि जिथे मन अडायचं तिथे तेही अडायचं. लोक हसायचे. ती म्हणायची, "तुम्ही भराभरा वाचता नि भराभरा विसरता. मी एकदा वाचलं की ते माझं झालं."

हे खरंच होतं. गावातल्या कोणाच्या बाळाचा बाप्तिस्मा कधी झाला, कोणाची होडी कधी बुडाली, सगळं तिच्या डोक्यात. चर्चची किल्लीही तिच्याच कमरेला. नवरा बेलार्मिनो मेंढ्या कातरायला म्हणून आर्जेंटिनात गेला आणि तिकडचाच झाला. तिने एक महिना रडून घेतलं आणि मग त्याच्या कोटाची उशी केली. मुलगी दूर शहरात, पुंता आरेनासला. घरात उरल्या दोघी, सत्तावन्न वर्षांची एदेल्मीरा आणि तिची आई क्लोरिंदा, वय सत्त्याऐंशी, कान बरे, डोळे लांबचं बघायला अजून पक्के आणि जीभ त्याहून.

आणि तिसरा तो दिवा.

गावाच्या पश्चिम टोकाला त्यांचं घर, खाडीकडे तोंड करून. समुद्राकडच्या खिडकीत रॉकेलचा एक दिवा रोज सांज झाली की लागायचा. शंभरावर वर्षं लागत होता. पहिल्यांदा दोमितीलाने लावला, ती क्लोरिंदाची आजी. तिच्यानंतर क्लोरिंदाने, आणि क्लोरिंदाचे हात कापायला लागल्यावर एदेल्मीराने. गावात दिवसातून चार तास जनरेटरची वीज यायला लागली, तरी या खिडकीत वातच. दिवा होता क्रिसांतोसाठी.

क्रिसांतो कोलिवोरो, दोमितीलाचा होणारा नवरा. होणारा म्हणायचं, कारण पाद्रीबाबा होडीतून वर्षातून एकदा यायचे. लग्न त्यांच्या होडीसाठी थांबलं होतं, बाळ मात्र थांबलं नाही. त्यात १८७९ साली उत्तरेत लढाई पेटली आणि आंकुदच्या बंदरात नौदलाची भरती लागली. क्रिसांतो वीस वर्षांचा. बैलजोडी दोमितीलाच्या बापाच्या गोठ्यात बांधून तो गेला, आणि दोन वर्षांनी, गावाच्या लेखी, कालेउचेवर आला.

कालेउचे काय आहे हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. धुक्यात येणारं जहाज, सगळं दिव्यांनी लखलखलेलं, वर गाणंबजावणं. बुडालेली माणसं त्यावर खलाशी होतात. ती जिवंत नसतात आणि मेलेलीही नसतात. ते दिसलं की दिवे मालवायचे, खिडक्या लावायच्या, आणि त्याच्याकडे बघायचं नाही. बघितलं तर ते आपल्यालाही घेऊन जातं.

१८८१ च्या जुलैमध्ये, नऊ तारखेच्या संध्याकाळी, ते लागुयेसमोर येऊन उभं राहिलं. दाट धुकं, त्यात पिवळे उजेड, आणि अकॉर्डियनचे सूर. चर्चच्या तेव्हाच्या कारभाऱ्याने काठी घेतली आणि दारोदार ठोकत गेला, "दिवे मालवा! दिवे मालवा!" सारं गाव चर्चमध्ये अंधारात गुडघे टेकून बसलं. हे चालू असतानाच जहाजावरून हाका आल्या. "क्लावेल! लुसेरो!" ही क्रिसांतोच्या बैलांची नावं. बैलांनी गोठ्याचं कुंपण मोडलं आणि पोटापर्यंत पाण्यात जाऊन उभे राहिले. जहाजाला बैलांची नावंसुद्धा ठाऊक आहेत म्हटल्यावर शंकेला जागाच उरली नाही. क्रिसांतोला त्यांनी नेलंय आणि आता जोडी न्यायला आलेत. सकाळी धुकं विरलं, जहाज नव्हतं. गावाने प्रार्थनेने त्याला हुसकून लावलं, असं ठरलं. तेव्हापासून दर नऊ जुलैला लागुये काळोखाची सांज पाळतं. कारभारी काठी ठोकत फिरतो आणि घरोघरचे दिवे मालवले जातात. त्या एका संध्याकाळी दोमितीलाच्या खिडकीतलाही.

आता या सगळ्यात अडचण अशी होती, की मेलेल्यांची नावं चर्चच्या वहीत असतात आणि नोव्हेंबरात मोठ्याने वाचली जातात. क्रिसांतोचं नाव त्या वहीत नव्हतं. कालेउचेवरच्या माणसासाठी प्रार्थना नाही, काळे कपडे नाहीत, काही नाही. फक्त दिवा.

एका संध्याकाळी एदेल्मीरा काच पुसत होती. क्लोरिंदा चुलीजवळून म्हणाली, "मी गेल्यावर हा कोण लावणार गं?"

"मी आहे की."

"आणि तुझ्यामागे? तुझी लेक तिकडे बटण दाबते नि झोपते. तिला वात कापता येते का?"

"आई, अजून मी मेले नाहीये."

"मेल्यावर विचारून काय उपयोग? हे बघ, तो मेलाय की त्या जहाजावर आहे, एवढं मला कळू दे. मेला असेल तर नाव वाचून घे आणि दिवा मालव. नसेल तर..." म्हातारीने थोडा वेळ विस्तवाकडे बघितलं. "नसेल तर मी कुठल्या तोंडाने डोळे मिटू? माझ्या आजीला शब्द दिलाय मी."

एदेल्मीरा दुसऱ्याच दिवशी सेलेदोनिओकाकांकडे गेली. सेलेदोनिओ चिग्वाय म्हणजे सध्याचे कारभारी. सत्तरी ओलांडलेले, टोपी कधी न काढणारे, आणि ज्याने १८८१ साली काठी ठोकली त्याचे सख्खे नातू. हे ते दर माणसाला दिवसातून एकदा सांगत.

"नाव वाचा," एदेल्मीरा म्हणाली.

"कुठं मेला? कधी मेला? कोणी बघितला?"

"एकशे बारा वर्षं झाली, काका. जिवंत तर नसेल ना!"

"कालेउचेवरचा म्हातारा होत नाही. त्याचं नाव मेलेल्यांत वाचलं आणि तो रागावून आला, म्हणजे? तू जाणार सामोरी?"

"मी जाईन. तुमची टोपी घालून जाईन, म्हणजे तोच घाबरेल."

काकांनी टोपी आणखी खाली ओढली. "कागद आण," ते म्हणाले. "सरकारी कागद. मग वाचतो."

त्यांना वाटलं, विषय मिटला. त्यांना एदेल्मीरा ठाऊक होती, पण पुरती नव्हती. तिने वाल्पाराइसोला नौदलाच्या जुन्या दप्तरखान्याला पत्र लिहिलं. तीन महिन्यांनी उत्तर आलं, की जहाजाचं नाव कळवा. जहाजाचं नाव तिला कुठून माहीत असणार? मग मे महिन्यात तिने लोकरीचे सहा जोड मोजे विकले, पिशवीत बटाट्याच्या मिल्काओ भाकऱ्या भरल्या, आईजवळ शेजारणीला बसवलं आणि निघाली. होडी, बस, मोठी होडी, पुन्हा एक दिवस नि एक रात्र बस. जन्मात पहिल्यांदा तिने खाडी ओलांडली होती. बसच्या काचेवर डोकं टेकून ती अर्धवट झोपेत होती, आणि तिला सारखं वाटत होतं की शेजारी कोणीतरी वीस वर्षांचा पोरगा बसलाय, ज्याचे हात बैलांच्या वासाचे आहेत.

दप्तरखान्यात आबेलार्दो नावाचा निवृत्त खलाशी कागदांची राखण करत होता. पोट सुटलेलं, चष्मा दोरीने बांधलेला.

"चिलोएच्या का?" त्याने विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"पिशवीतून बटाट्याचा वास येतोय, बाई. बसा. माणसाचं नाव सांगून इथे काही होत नाही. नौदलात माणूस नसतो, जहाज असतं. जहाज सांगा."

"जहाज ठाऊक असतं तर मी दोन दिवस बसमध्ये हाडं मोडून घेतली असती का? तो आंकुदला भरती झाला. एकोणऐंशी साल."

आबेलार्दोने मान डोलावली. भाकरी पुढे केल्यावर ती आणखी डोलली. त्या दिवशी त्याने आंकुदच्या भरतीची वही काढून दिली, आणि एदेल्मीराचं बोट चालू लागलं. आडनावं ओळखीची, सगळी आपल्याच बेटांवरची. दुपारी चारच्या सुमाराला बोट थांबलं.

क्रिसांतो कोलिवोरो. वय वीस. धंदा शेती. डाव्या भुवईवर वण. लिहिता येत नाही. आणि पुढे, सहीच्या जागी, एक फुली. शाई एका बाजूला जाड झालेली, लेखणी फार दाबून धरलेली.

घरात त्याचं चित्र नव्हतं, फोटो नव्हता, एक बटणसुद्धा नव्हतं. एदेल्मीराने त्या फुलीवर बोट ठेवलं आणि तिला रडू फुटलं. आबेलार्दो खिडकीतून बंदराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आता मिळाला, बाई. आता त्याचा हात सोडायचा नाही."

नऊ दिवस तिने तो सोडला नाही. जहाजावरच्या माणसांची दर महिन्याला यादी व्हायची. एका जहाजावरून दुसऱ्यावर माणूस गेला की शेजारी तसं लिहीत. ती त्याच्याबरोबर गेली. आधी कोळसा भरणाऱ्या जहाजावर, मग उत्तरेला, जिथे म्हणे पाऊसच पडत नाही. एका यादीत त्याला नवी चादर मिळाल्याचं होतं. एका यादीत दोन दिवस कोठडी, कारण लिहिलं होतं, 'परवानगीशिवाय मेंढीचं पिल्लू जहाजावर आणलं.' ती मोठ्याने हसली, आणि शेजारच्या टेबलावरचा कोणी प्राध्यापक चमकून बघायला लागला. संध्याकाळी ती खानावळीतल्या खाटेवर पडायची, तेव्हा खाट जरा जरा डुलायची. खिडकीतून बंदरातले उजेड दिसायचे, आणि त्यांतलं एक जहाज १८८० सालचं आहे, डेकवर मेंढीचं पिल्लू कोटात लपवून कोणीतरी उभं आहे, असं ती स्वतःशी ठरवून टाकायची. इतकी सुखाची झोप तिला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

सातव्या दिवशी तो 'गाविओता' नावाच्या मालवाहू जहाजावर आला. १८८१, जून. नावापुढे एक शब्द, 'आजारी'. जुलैच्या यादीत नाव नव्हतं.

"यादीतून नाव गेलं म्हणजे तीनच गोष्टी," आबेलार्दो म्हणाला. "सुटला, पळाला, नाहीतर मेला."

"पळाला असेल तर?"

"तर दुसऱ्या कुठल्या बंदरात तुमचे चुलतभाऊ असतील. जहाजाची रोजनिशी बघू. मिळाली तर."

मिळायला दोन दिवस लागले. पाठीला वाळवी लागलेली लांबट वही. एदेल्मीराने जुलैची पानं उलटली आणि नऊ तारखेवर आली. काळोखाच्या सांजेची तारीख.

*नऊ जुलै. दाट धुकं. लागुये गावासमोर किनाऱ्यापासून चारशे हातांवर नांगर टाकला. जहाजावर देवीचे एकवीस रोगी, साथीचा पिवळा बावटा वर चढवला. कोणालाही उतरण्याची परवानगी नाही. इतर जहाजांना दिसावं म्हणून सर्व कंदील पेटवले. रोग्यांना विरंगुळा म्हणून अकॉर्डियन वाजवू दिलं. आम्हाला पाहून किनाऱ्यावरचे दिवे एकामागून एक मालवले गेले, कारण समजलं नाही. खलाशी कोलिवोरो याने समोर आपलं घर असल्याचं सांगून डेकवर नेण्याची विनंती केली. नेण्यात आलं. तो बराच वेळ क्लावेल, लुसेरो अशा हाका मारत होता. ही बैलांची नावं आहेत असं त्याने सांगितलं. किनाऱ्यावरून उत्तर आलं नाही. पश्चिम टोकाचा एक दिवा सगळ्यात शेवटपर्यंत राहिला, आणि तो त्याकडे पाहत राहिला. मग तोही मालवला गेला.*

*दहा जुलै. पहाटे खलाशी क्रिसांतो कोलिवोरो मरण पावला. दुपारी कोर्कोवादोच्या आखातात त्याला समुद्राच्या स्वाधीन केलं.*

तिने ते तीनदा वाचलं. मग आबेलार्दोने त्या मजकुराची नक्कल काढून खाली शिक्का मारून दिली. त्याने उरलेली भाकरीही मागितली नाही.

येतानाचा बसचा प्रवास जड झाला. जाताना शेजारी बसलेला पोरगा आता नव्हता. एदेल्मीरा एकच विचार करत होती. सगळं वाचीन, शेवटचं वाक्य वाचणार नाही. 'मग तोही मालवला गेला.' ज्या आजीच्या मांडीवर आई वाढली, तिनेच तो मालवला. तो समोर होता, खराखुरा, तापाने फणफणलेला. घर चारशे हातांवर, आणि त्याला भूत समजून गावाने दारं लावून घेतली. हे सत्त्याऐंशी वर्षांच्या बाईला कशाला सांगायचं?

घरी पोचली तेव्हा क्लोरिंदा खिडकीशीच बसली होती. "मेलाय ना?" तिने विचारलं.

"मेलाय, आई. ते कालेउचे नव्हतं. खरं जहाज होतं."

म्हातारीने मान हलवली. "वाच."

एदेल्मीरा बोट ठेवून वाचू लागली. धुकं, नांगर, पिवळा बावटा. क्लावेल, लुसेरो. पश्चिम टोकाचा दिवा शेवटपर्यंत राहिला, आणि तो त्याकडे पाहत राहिला. इथे तिने कागद खाली ठेवला.

"बोट थांबलं तुझं," क्लोरिंदा म्हणाली. "पुढे आहे. वाच."

तिने वाचलं. चुलीवर पाणी उकळून उकळून आटलं.

"मला माहीत होतं," क्लोरिंदा शेवटी म्हणाली. "आजीने मरताना सांगितलं होतं. क्रिसांतो बैलांना हाका मारायचा ना, तेव्हा ते बैलांना नसायचं. आजीचा बाप खाष्ट. त्याच्यादेखत तिचं नाव कसं घेणार? म्हणून तो वाटेवरून 'क्लावेल, लुसेरो' ओरडायचा आणि आजी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर यायची. त्या दिवशी सगळं गाव म्हणालं, जहाज बैलांना बोलावतंय. तिला एकटीला कळलं कोणाला बोलावतंय ते."

"आणि तरी तिने..."

"कडेवर माझा बाप, वर्षाचा. दारात कारभारी काठी आपटतोय. तिला वाटलं, ते बाळालाही नेतील. फुंकर मारली तिने. दुसऱ्या दिवशी परत लावला, आणि जन्मभर लावला. मला म्हणाली, तो भूत होता की माणूस, एवढंच देवाने सांगावं." क्लोरिंदाने डोळे पुसले नाहीत, तशीच बसून राहिली. "सगळ्यात शेवटचा, असं लिहिलंय ना? दाखव कुठे लिहिलंय."

एदेल्मीराने आईचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं.

सेलेदोनिओकाकांना कागद दिला तेव्हा त्यांनी तो उभ्याउभ्याच वाचला. अर्ध्यात आल्यावर ओट्यावर बसले. मग त्यांनी टोपी काढली. डोक्यावर एक केस नव्हता, हे गावात कोणालाच माहीत नव्हतं.

"म्हणजे आमच्या आजोबांनी..."

"सगळ्यांनीच, काका. एकट्या त्यांनी नाही."

"दर वर्षी मी तीच काठी घेऊन फिरतो. अभिमानाने फिरतो, एदेल्मीरा." कागद घडी करून त्यांनी खिशात ठेवला, परत काढला, पुन्हा ठेवला. "नाव वाचतो. नोव्हेंबरपर्यंत नाही थांबायचं. नऊ तारखेलाच वाचतो."

नऊ जुलैला धुकं होतं. दिवस मावळायच्या आधी गाव चर्चमध्ये जमलं, नेहमीसारखं. सेलेदोनिओकाकांनी वही उघडली आणि बोडक्या डोक्याने वाचलं, "क्रिसांतो कोलिवोरो, खलाशी, कोर्कोवादोच्या आखातात." मग तो सरकारी कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. वाचून झाल्यावर त्यांनी कोपऱ्यातली आजोबांची काठी उचलली आणि एकटेच बाहेर पडले.

एदेल्मीरा आईला धरून घरी आणत होती. तोवर काठीचा आवाज पहिल्या दाराशी पोचला होता. ठक, ठक, ठक.

"दिवे लावा!" काका ओरडत होते. आवाज फाटला होता. "लावा रे दिवे! सगळे लावा!"

क्लोरिंदाला खिडकीशी बसवून एदेल्मीराने सवयीने काच काढली, वात सारखी केली, काडी ओढली. दिवा लागला. बाहेर काठी जवळ जवळ येत होती, दारामागून दार. अखेर ती त्यांच्याही दाराशी आली, थबकली, आणि न ठोकताच परत वळली.

"आता आपला मालव," क्लोरिंदा म्हणाली.

"आत्ताच लावला ना, आई."

"गाव लावतंय आज. आपलं झालं. मालव."

एदेल्मीराने ओणवून फुंकर मारली. खिडकीच्या काचेत आजवर रात्री त्यांना फक्त दिव्याचं प्रतिबिंब आणि स्वतःचे चेहरे दिसायचे. आता काच काळी झाली, आणि हळूहळू तिच्यातून पलीकडचं दिसायला लागलं. किनाऱ्याने दिव्यांची रांग, तिचा पिवळा उजेड पाण्यावर, आणि त्या पाण्यात सरळ समोर, चारशे हातांवर, 'गाविओता'ने नांगर टाकला होता ती जागा.

क्लोरिंदाने कपाळ काचेला टेकवलं. जन्मभर या खिडकीशी बसून तिने ती जागा अशी कधी बघितली नव्हती.

"अगं," ती म्हणाली, "किती जवळ होता."